काचेच्या पेटीतून घरी आलेले बाळ

‘बाळाला काचेत ठेवले आहे’ अशी बातमी गावात आली की सगळे घर जीव मुठीत धरून बसते. आजी जपमाळ घेते, बाप दवाखाना आणि गोठा यांच्यामध्ये हेलपाटे घालतो, सोसायटीचे पैसे खताऐवजी औषधाला जातात. मग एके दिवशी डॉक्टर सांगतात, ‘बाळ आता घरी न्या.’ वजन एक किलो आठशे ग्रॅम. घरच्यांना वाटते, सुटलो. खरे तर काचेची पेटी आणि तिथल्या नर्स मिळून जे काम रात्रंदिवस करीत होत्या, ते त्या दिवसापासून घराच्या अंगावर येते. आणि ते काम एकट्या बाळंतिणीच्या आवाक्यातले नाही. आज या पानावर आम्ही त्याविषयीच लिहीत आहोत.

जन्मतः अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचे मूल कमी वजनाचे समजले जाते आणि सदतिसावा आठवडा पुरा होण्यापूर्वी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे. काही मुले दोन्ही असतात. आपल्याकडे जुनी माणसे अजून म्हणतात, ‘सातव्या महिन्याचे जगते, आठव्याचे जगत नाही.’ हे साफ चुकीचे आहे. आईच्या पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाला बळ देतो; आठव्या महिन्याचे मूल सातव्यापेक्षा अधिकच तयार असते. असल्या बोलण्याने मात्र एक नुकसान होते. आठव्या महिन्याच्या बाळाकडे घर मनातल्या मनात आशा सोडून पाहू लागते, आणि मग रात्री दोन वाजता उठून दूध पाजण्याचा उत्साह कुणाला राहत नाही.

या बाळांचे तीन शत्रू आहेत : गारठा, उपासमार आणि जंतू. तिघेही हातात हात घालून येतात. बाळ गार पडले की अंगातली साखर ऊब राखण्यात खर्च होते. साखर उतरली की बाळ सुस्तावते, सुस्तावले की दूध ओढत नाही, दूध गेले नाही की आणखी गार पडते. अशक्त झालेल्या अंगात जंतूंना वाट मोकळी मिळते. हे सगळे आरडाओरड न करता घडते. बाळ रडत नाही, म्हणून घरचे म्हणतात, ‘किती गुणी आहे, शांत झोपते.’ लहान वजनाच्या बाळाचे असे शांत झोपणे आम्हाला तरी भीतीचे वाटते.

गारठ्याचे कारण सोपे आहे. अशा बाळाच्या कातडीखाली चरबीचा थर नसतोच म्हटले तरी चालेल, आणि वजनाच्या मानाने त्याचे अंग उघडे फार. वाफ्यात नुकत्याच उगवलेल्या भाताच्या तरूला ऊन-वारा जसा लागतो तसाच तो याला लागतो. बाळाचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. थर्मामीटर नसेल तर हाताच्या मागल्या बाजूने आधी बाळाचे पोट आणि मग तळपाय पाहावा. दोन्ही उबदार, तर ठीक. पोट उबदार पण पाय गार, म्हणजे बाळ गारठू लागले आहे. लगेच ऊब द्यावी. दोन्ही गार असतील तर बाळाला छातीशी घेऊन दवाखान्याची वाट धरावी. ही परीक्षा दिवसातून चार-पाच वेळा करावी. घरातल्या शाळकरी मुलीलाही ती शिकवता येते.

ऊब द्यायची कशी? पुष्कळ घरांत बाळंतिणीच्या खोलीत दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी ठेवतात. बंद खोलीतल्या कोळशाने विषारी वायू साठतो. त्यात आई आणि मूल दोघेही दगावू शकतात. गरम पाण्याच्या बाटल्यांनी कोवळी कातडी भाजते. सर्वांत चांगली शेगडी आपल्या अंगणात रोज दिसते. कोंबडी पिलांना पंखाखाली घेते, तीच. आईच्या उघड्या छातीला उघडे बाळ लावून ठेवायचे.

या रीतीला ‘कांगारू माता सेवा’ म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली, आणि पुढे डॉ. हेक्टर मार्तिनेस यांनी त्यांच्याबरोबर ती चालवली. तिथल्या इस्पितळात पेट्या अपुऱ्या होत्या. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत, आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागे. तेव्हा बाळे आयांच्या छातीशी बांधून घरी पाठवण्यास त्यांनी सुरुवात केली. तो गरिबीतला उपाय होता, पण आज श्रीमंत देशांची इस्पितळेही तो करतात. आपल्याकडे हरयाणातील फरीदाबाद आणि पलवल या जिल्ह्यांत दीड ते सव्वादोन किलोंच्या ८,४०२ बाळांवर याची घरीच परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या घरांत ही रीत शिकवली गेली तिथे पहिल्या सहा महिन्यांतले बालमृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेने आपल्या कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांबरोबर हेच काम केले आहे. तेव्हा ही गोष्ट परदेशी किंवा शहरी म्हणून बाजूला सारू नये.

आता कृती. बाळाला टोपी, पायमोजे आणि लंगोट एवढेच ठेवावे. आईने पुढून उघडणारा सैल झंपर घालावा. बाळाला दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरावे, पाय बेडकासारखे दुमडलेले, हात वर, तोंड एका बाजूला वळवलेले, मान किंचित वर. हनुवटी छातीला टेकता कामा नये. टेकली तर श्वास कोंडतो. मग जुन्या मऊ सुती लुगड्याच्या पट्ट्याने दोघांना मिळून बांधावे. वरची कड बाळाच्या कानाखाली यावी आणि बाळाच्या पोटावर आवळ बसू नये. वरून आईने पदर किंवा शाल घ्यावी. असे बांधून आई बसू शकते, चालू शकते, तांदूळ निवडू शकते. चुलीजवळ मात्र जाऊ नये. झोपताना पाठीमागे उशा किंवा घोंगडीची घडी लावून अर्धवट टेकून झोपावे. एका बैठकीला निदान एक तास, आणि दिवसरात्रीत जितके अधिक तास जमतील तितके. आठ तासांच्या वर जावे, वीस झाले तर फारच उत्तम. बाळ अडीच किलोंचे होईपर्यंत, किंवा स्वतःच वळवळून बाहेर पडू लागेपर्यंत हे चालू ठेवावे. खाली ठेवायची वेळ आली तर बाळाला नेहमी उताणे निजवावे.

वीस तास म्हटल्यावर वाचक हसतील. भात लावणीच्या दिवसांत वीस तास कुठून आणायचे? म्हणूनच सुरुवातीला म्हटले की हे काम घराचे आहे. छाती आईचीच हवी असे नाही. बापाची चालते, आजीची चालते, धडधाकट आत्याची चालते. आमच्या पाहण्यात एका घरात अशी वाटणी होती : सकाळी दूध काढून येईपर्यंत आजी, मग दुपारपर्यंत आई, संध्याकाळी चिखलातून आलेला बाप आंघोळ करून दोन तास, आणि रात्र पुन्हा आईची. बापाला पहिले दोन दिवस लाज वाटत होती. तिसऱ्या दिवसापासून तो बाळ छातीला बांधूनच पडवीत बसू लागला. शेजाऱ्यांनी चेष्टा केली, ती आठवड्यात संपली. त्या हंगामात त्यांनी एक वाफा कमी लावला आणि एक गडी अधिक लावला. आम्हाला हा हिशेब बरोबर वाटतो. पेरणीआधी जसे कुणी बैल, कुणी बियाणे पाहतो, तशी बाळ घरी येण्याआधीच सगळ्यांनी बसून तासांची वाटणी करून घ्यावी. सुनेला ‘तू बाळ सांभाळ, भाकरी, भांडी आणि गोठाही तूच बघ’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय.

दुधाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथेच बहुतेक घरे गोंधळतात. वासराला पहिल्या तासात चीक पाजला नाही तर ते उभे राहत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तोच शेतकरी बाईचा पहिला पिवळा चीक मात्र ‘जड असतो’ म्हणून पिळून टाकू देतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्या चिकाचा थेंब न् थेंब हवा. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रिया एका लयीत करणे बाळाला साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमते. त्याआधी ते अंगावर पिऊ लागले तरी थकते. तोवर आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजावे. बाटली मुळीच नको. तिच्या बोंडीच्या कानाकोपऱ्यांत राहिलेले दूध नासते आणि जंतू वाढतात.

आईने हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, आणि रुंद तोंडाचे स्टीलचे भांडे धुऊन उकळून घ्यावे. स्तनाला ऊन कपड्याचा शेक द्यावा. अंगठा आणि बोटे काळ्या भागाच्या कडेवर ठेवून आधी मागे छातीकडे दाबावे, मग एकमेकांकडे. बोंडी ओढू नये. पहिले दोन दिवस थेंबच येतील. त्यावर सासूने ‘हिला दूधच नाही’ असे म्हणू नये, कारण त्या एका वाक्याने येणारे दूधही आटते. जितके काढाल तितके येते, म्हणून दिवसातून आठ वेळा तरी काढावे, रात्रीही. काढलेले दूध झाकून सावलीत चार तास टिकते, फ्रिजमध्ये चोवीस तास. ते आचेवर तापवू नये. गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करावे.

पाजताना बाळाला मांडीवर अर्धवट बसते धरावे, बोंडल्याची चोच खालच्या ओठाला लावावी, आणि बाळ जीभ काढून घेईल तसे घेऊ द्यावे. घशात ओतू नये. दूध फुफ्फुसात जाते. दर दोन तासांनी पाजावे, झोपले असेल तर पायाला गुदगुल्या करून जागे करावे. दोन किलोंच्या बाळाला दुसऱ्या आठवड्यापासून दिवसाला साधारण ३०० ते ३६० मिलिलिटर दूध लागते. आपल्या बाळाचे नेमके माप डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. दिवसात सहा-आठ वेळा लघवी होत असेल तर दूध पोचते आहे. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते, दोन आठवड्यांच्या आसपास भरून येते आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅम वाढावे. वजन आठवड्याला एकदा आणि त्याच काट्यावर. डॉक्टर ड जीवनसत्त्वाचे आणि लोहाचे थेंब देतील, ते चुकवू नयेत. लोहाची बाटली थोरल्या मुलांच्या हाती लागू देऊ नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे. तुम्ही दहा मुले वाढवलीत, तुमच्या हाताला यश आहे. पण ती मुले तीन-तीन किलोंची होती. या बाळाला मध नको, गुटी नको, वरचे पाणी नको, गाईचे दूध नको, ग्राइप वॉटर नको. नाकाकानात तेल नको, डोळ्यांत काजळ नको, नाळेवर हळद किंवा राख नको. नाळ कोरडी राहिली की आपोआप गळते. वावडिंग-ओव्याची धुरी तर अजिबात नको, कारण त्याची फुफ्फुसे अजून कच्ची आहेत. विडीचा आणि चुलीचा धूरही त्यातच आला. आंघोळीची घाई करू नये. ओल्या ऊन फडक्याने झटपट पुसून कोरडे करावे, आणि न्हाऊमाखू कधी घालायचे ते डॉक्टरांना विचारावे. जोरकस मालीश आणि अंग उचलून हेलकावणे टाळावे. हलक्या हाताने थोडे खोबरेल लावायला बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत. मोहरीचे तेल मात्र नको. आजीचे हात रिकामे राहतील असे नाही. बाळाला बांधून घेऊन बसणे हे तिच्याइतके कुणालाच जमत नाही.

पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत. ओलसर कपडा घालण्यापेक्षा इस्त्री फिरवून कोरडा करून घालावा. शेतावर औषध फवारून आलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाच्या खोलीत पाऊल टाकू नये, आणि ते कपडे लंगोटांबरोबर धुऊ नयेत. कीटकनाशकाचे डबे बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवलेले आम्ही पाहिले आहेत. गोठ्यातून आल्यावर हात धुवावेत. खोकला-सर्दी झालेल्याने, मग तो सख्खा मामा का असेना, दारातूनच पाहून जावे. बाळ पाहायला येणाऱ्यांना ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ असे सांगण्याचे काम आजोबांनी करावे. सुनेने सांगितले तर लोकांना राग येतो.

बाप्तिस्म्याविषयी पुष्कळजण विचारतात. बाळाच्या जिवाला धोका असेल तर त्याला विलंब न करता बाप्तिस्मा देता येतो, आणि अशा निकडीच्या वेळी फादर नसल्यास योग्य हेतूने कुणीही तो देऊ शकतो. त्याला कोमट पाण्याचे थोडेसे थेंब पुरतात, अंगावरचे कपडे काढावे लागत नाहीत. फादरांना मागाहून कळवावे. चर्चमधला विधी आणि जेवणावळ बाळ बळकट झाल्यावर करता येते. दीड किलोंच्या बाळाला दोनशे माणसांच्या हातांतून फिरवू नये.

आईकडेही कुणी पाहावे. रात्रंदिवस जागणारी ही बाई अर्ध्या भाकरीवर राहू शकत नाही. ‘अमुक वातूळ, तमुक थंड’ म्हणत तिचे जेवण कमी करण्याची रीत सोडून द्यावी. डाळ, भात, भाजी, अंडी, मासे सारे द्यावे. पंधरवडा उलटून गेल्यावरही ती सारखी रडत असेल, बाळाकडे पाहत नसेल, किंवा ‘माझ्यामुळेच असे झाले’ म्हणत असेल तर तो स्वभाव नव्हे, आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

आपल्या घरच्या माणसांकडून हे होईल का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी गडचिरोलीची गोष्ट लक्षात घ्यावी. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळे तपासत, ऊब देत, आजार ओळखून उपचार करीत. ३९ गावांतल्या या कामाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, असा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्या धड्यावरून २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती घरी येते : दवाखान्यात जन्म झाला असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिला दारातून परत पाठवू नये. वजन, तापमान आणि श्वास तिच्याकडून पाहून घ्यावे आणि आपणही शिकून घ्यावे.

श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, घड्याळ लावून पुरा एक मिनिट. साठ किंवा अधिक आला तर पुन्हा मोजावा. पुन्हा तेवढाच आला तर निघावे. निघण्याची बाकीची कारणे अशी : दूध घेणे थांबले किंवा निम्म्यावर आले, छाती खोल आत ओढली जाते किंवा बाळ कण्हते, अंग तापले, किंवा छातीशी धरूनही गारच राहते, हलवल्याशिवाय हालचाल नाही, आकडी आली, तळहात-तळपाय पिवळे झाले, ओठ निळे पडले. श्वास वीस सेकंद थांबला तर तळव्यावर टिचकी मारावी, पाठ चोळावी, आणि श्वास सुरू झाला तरी दवाखाना गाठावा. सकाळपर्यंत वाट पाहू नये, आणि आधी भोंदूकडे तर मुळीच जाऊ नये. १०८ ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि ने-आण विनामूल्य करण्याची योजना २०११ पासून आहे. पैशासाठी थांबण्याचे कारण नाही. वाटेतही बाळ छातीलाच बांधलेले असावे.

डोळ्यांच्या तपासणीविषयी मात्र घरी पाठवताना घाईत सांगितले जाते आणि घाईत विसरले जाते. जन्मतः दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या, किंवा चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाने तपासलाच पाहिजे. फारच लहान, म्हणजे बाराशे ग्रॅमच्या आतले किंवा अठ्ठावीस आठवड्यांपूर्वीचे असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. अशा बाळांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून पडदा सुटू शकतो. वरून डोळा अगदी सुरेख दिसतो. वेळेत सापडले तर लेसरने नजर वाचते, आठवडे उलटले तर कोणाच्याही हाती काही राहत नाही. नारायण नेत्रालयाने २००८ पासून कर्नाटकातल्या खेड्यापाड्यांच्या बाळांसाठी याचे काम चालवले आहे. कुठे जायचे ते दवाखान्यातून निघतानाच लिहून घ्यावे, आणि कानांच्या तपासणीची तारीखही त्याच वेळी.

लसी जन्मतारखेप्रमाणे द्याव्यात. बसणे, रांगणे, बोलणे मात्र दोन वर्षांपर्यंत अपुरे राहिलेले दिवस वजा करून मोजावे. दोन महिने आधी आलेले बाळ आठ महिन्यांचे झाले की त्याला सहा महिन्यांचे समजावे, आणि शेजारच्या घरातल्या त्याच महिन्याच्या पोराशी त्याची तुलना करू नये. म्हणून दवाखान्याच्या कागदावर बाळंतपणाची अपेक्षित तारीखही लिहून घ्यावी, आणि तो कागद पेटीत तळाशी न टाकता लसीच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत, हाताला येईल असा ठेवावा.